पाहुण्यांना न दिसणाऱ्या वस्तू

नवी वस्तू घरात आली की आल्यागेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "केवढ्याला पडली?" आकडा ऐकला की निकाल तयार. एक तर "स्वस्तात मिळाली की हो!" नाही तर "फसवलं तुम्हाला." वस्तू चांगली आहे का, हा विषय चहा झाल्यावर, वेळ उरला तर. उत्तर देणाराही काही कच्च्या गुरूचा चेला नसतो. साडीची किंमत नवऱ्याला उतरवून आणि नणंदेला चढवून सांगायची, मोबाईलची किंमत बायकोला 'जुना परत देऊन' सांगायची, हे संसाराचे मान्यताप्राप्त हिशेब आहेत. "टिकली किती?" असं विचारायला मात्र कोणी परत येत नाही. तो प्रश्न विचारण्याची वेळ येते तेव्हा वस्तू भंगारवाल्याच्या हातगाडीवर असते, आणि भंगारवाला भाव करतो तो वजनावर.

आपल्या घरात पैसा कुठे सुटतो आणि कुठे अडतो, हे बघण्यासारखं असतं. सोफ्यावर उदार, उशीवर कंजूष. भिंतभर टीव्ही हप्त्यांवर येतो, पण मोरीतल्या गळक्या नळाला "सध्या चालवून घे" म्हणून चिंधी बांधलेली. काचेचा डिनर सेट शोकेसमधून वर्षातून दोनदा बाहेर निघतो, त्यातही एकदा धूळ पुसायला. रोज ज्या सुरीने भाजी चिरायची तिची मूठ मात्र हलत असते, आणि ती नेमकी कशी धरली की हलत नाही, हे घरातल्या बाईला पाठ झालेलं असतं. पाहुण्यांना दिसतं तिथे हात सढळ, आपल्याला रोज टोचतं तिथे काटकसर. माझं म्हणणं एवढंच, की हे उलटं करावं. ज्या वस्तूला दिवसातून दहादा हात लागतो आणि पाहुणा जिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तिच्यावर चार पैसे जास्त टाकावेत.

सुरीच घ्या. मंडईच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या मुठीची, वीस-तीस रुपयांची सुरी मिळते. पहिले आठ दिवस ती मोठी तरतरीत असते. मग एके दिवशी टोमॅटोवर टेकवली की सालावरून घसरते. साल दबतं, पातं आत शिरत नाही, आपण जोर वाढवतो आणि टोमॅटो बियांसकट ओट्यावर सांडतो. कांदा तर ती चिरतच नाही, चेंगरते. चेंगरल्यामुळे कांद्याच्या पेशी जास्त फुटतात, डोळ्यांना झोंबणारं द्रव्य जास्त उडतं, आणि सुरीच्या पापाचं रडणं कांद्याच्या नावावर जमा होतं. बोटही बहुधा बोथट सुरीनेच कापतं, कारण जोर लावलेला हात एकदा घसरला की कुठे थांबायचं ते त्याच्या हाती राहत नाही.

आता चांगल्या पोलादाच्या पात्याची जुनी विळी आठवा. पाटावर पाय दाबून बसलं की दोन्ही हात मोकळे; भाजी पात्याकडे जाते, पातं बोटाकडे येत नाही. टोकाला खवणी, म्हणजे नारळाचीही सोय झाली. पात्याला पुन्हा पुन्हा धार लावायची, ते झिजून अरुंद होईपर्यंत. हल्ली गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे बहुतेक घरांत विळी जाऊन ओट्यावर सुरी आली. हरकत नाही. पण मग ती धार लावता येईल अशी घ्यावी, आणि सायकलवर चाक फिरवणारा धारवाला गल्लीत आला की त्याला हाक मारायला लाजू नये. तीस रुपयांच्या सुरीला धार लावायला कोणी खाली उतरत नाही, आणि म्हणूनच ती सहा महिन्यांनी पुन्हा विकत घ्यावी लागते.

दुसरी जागा फोडणीची. पिवळ्या हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली तर गोंद आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ असे घटक भेटतात, आणि त्यांच्या संगतीला हिंग. ही भेसळ नव्हे. निव्वळ हिंग इतका उग्र असतो की तो सुसह्य व्हावा म्हणून पीठ-गोंदात बांधावाच लागतो. त्यालाच बांधानी हिंग म्हणतात. (ज्यांना गहू चालत नाही त्यांनी मात्र ही अक्षरं वाचावीतच.) प्रश्न आहे तो पीठ किती आणि हिंग किती, याचा. कच्चा हिंग हा एका झाडाच्या मुळातून गळणारा चीक, आणि ते झाड अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडचं. इतकी पिढ्यान्‌पिढ्या फोडणी देऊनही आपण तो बाहेरूनच आणत आलो. हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या संशोधन संस्थेने त्याची रोपं लावली ती २०२० मध्ये. एवढा प्रवास करून आलेली वस्तू स्वस्त कशी असेल? स्वस्त डबीतला हिंग चिमूटभर घालावा, वास येत नाही. पुन्हा चिमूटभर घालावा, तरी वरण आपलं गप्पच. चांगल्या हिंगाचा कण तेलात पडला की जिन्यातून वर येणाऱ्याला कळतं, आज आमटी आहे. आपण घाबरतो ते किलोच्या भावाला. पण हिंग किलोने खाणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

काही वस्तू तर अशा, की त्या घेतल्याचं कौतुक होण्याची सुतराम शक्यता नसते. नळाचा वॉशर घ्या. नळ सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, म्हणजे जवळजवळ बादलीभर पाणी. रात्री तीन वाजता त्यातला प्रत्येक थेंब वेगळा ऐकू येतो, ते निराळंच. किंवा छताचा पंखा. साधा पंखा साधारण ७५ वॅट वीज खातो, बीएलडीसी मोटरचा तिसाच्या आसपास. रोज पंधरा तास फिरवला तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात. युनिट आठ रुपयांचं धरलं तर १६० रुपये. दुकानात जे दीड हजार जास्त मोजताना हात थरथरतो, ते नऊ-दहा महिन्यांत परत येतात. पण वर बघून "पंखा काय सुरेख वीज वाचवतोय हो!" असं म्हणणारा पाहुणा कोणाच्या घरी आल्याचं ऐकिवात नाही.

चपलेचा हिशेब पायांनाच विचारावा. अस्सल कोल्हापुरी पायताणाचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं आणि शिवण चामड्याच्याच वादीची. खिळ्याचं काम नाही. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी सीमेवर एकत्र पाऊल टाकल्याचं असं उदाहरण विरळाच. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत गेलं तर खरं पायताण आणि त्याचा रेक्झिनचा चुलतभाऊ शेजारी शेजारी टांगलेले दिसू शकतात. उचलून बघावं, शिवण निरखावी, आणि लाज सोडून नाकाजवळ न्यावं. चामड्याचा वास आला तर बोलणी पुढे न्यावीत; सोल्यूशनचा आला तर नमस्कार करून निघावं. खरी कोल्हापुरी आधी चावते, हेही सांगितलं पाहिजे. तेल पाजून, जरा लंगडून तिची मर्जी राखावी लागते. पावसात नेलेली तिला खपत नाही. देवळात गेलं की गाभाऱ्यात हात जोडलेले आणि जीव बाहेर चपलेपाशी. पण तळ बदलून, टाका घालून ती चालत राहते, तेवढ्या काळात दोनशेच्या चार जोडांचे अंगठे तुटतात. आणि अंगठा तुटायचा तो घरी कधीच तुटत नाही, रस्त्याच्या मधोमधच तुटतो.

छत्रीपाशी मात्र माझं तत्त्वज्ञान भिजतं. लांब दांड्याची, भक्कम काड्यांची छत्री मरीन ड्राइव्हच्या वाऱ्यातही सहसा उलटी होत नाही, आणि तिघडीची छत्री पहिल्याच झोताला वाडगा होऊन पाणी गोळा करायला लागते, हे सगळं खरं. पण छत्रीचं आयुष्य तिच्या कापडावर ठरतच नाही, मालकाच्या स्मरणशक्तीवर ठरतं. लोकलच्या रॅकवर महागडी छत्रीही तितक्याच सहजपणे राहते, फक्त ती आठवून तळमळायला जास्त दिवस लागतात. तेव्हा वस्तू किती टिकते याबरोबरच ती आपल्यापाशी किती टिकते, हेही बघावं. विसराळू माणसाने छत्री स्वस्त घ्यावी आणि पैसे रेनकोटात घालावेत. तो निदान अंगावर असतो.

आणि महाग म्हणजे चांगलं, असं समजणारेही आपल्यात काही कमी नाहीत. दुकानदार त्यांना लांबून ओळखतात. पॅरासिटामॉलची गोळी भारी नावाची असो की जनऔषधी केंद्रातली, आत औषध तेच. गुलाबी मीठ हिमालयाच्या नावाने विकलं जातं, निघतं पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून, आणि आमटीत पडलं की निमूटपणे मीठच होतं. टीव्हीच्या केबलला सोन्याचा मुलामा दिला म्हणून मालिकेतल्या सासूबाई जास्त सोज्वळ दिसत नाहीत. जास्तीचा पैसा वस्तूत जातोय की खोक्यात, एवढं विचारलं तरी बरंच भागतं. कमी पैशात चांगला माल मिळत नाही असंही नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून घराघरांचे गट करून एकत्र खरेदी करत आली आहे, ती याच विश्वासावर.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. ज्या घरात मजुरीचे पैसे संध्याकाळी हातात पडतात, तिथे चहाची पूड आणि तेल पुडीने येतं. पुड्यांची बेरीज केली तर त्या घराला किलोचा भाव बंगलेवाल्यापेक्षा जास्त पडतो. त्या घरातल्या बाईला हे गणित आपल्यापेक्षा चोख येतं. नसते ती एकरकमी पैशांची सोय. तिला "स्वस्तातलं घेऊ नका हो" असा उपदेश करायला फार जाड कातडी लागते. त्यावर तोड काढली ती बायकांनीच, भिशीची. दरमहा थोडे थोडे घालायचे, जिची चिठ्ठी निघेल तिने सगळे उचलायचे. भिशीच्या पैशांतून आलेला कुकर सहसा आयएसआयचा शिक्का बघून घेतलेला असतो, कारण त्या खरेदीवर बाराजणींची नजर असते. पुरुषांची अशी समिती नेमली असती तर अहवाल अजून यायचा असता.

लग्नाच्या हॉलमध्ये रुखवताच्या टेबलाभोवती फिरताना हे सगळं माझ्या डोक्यात घोळत असतं. मोत्यांची तुळस, लोकरीचं तोरण, बर्फीचा बंगला. आहेरांच्या ढिगात लेमन सेट आणि भिंतीवरची घड्याळं. उद्या ज्या घरात ही दोघं संसार मांडणार, तिथे गॅसची नळी कसली आहे, याची चौकशी दोन्ही मांडवांतून कोणी केलेली नसते. म्हणून पुढच्या लग्नात गॅस एजन्सीतून मिळणारी ती नारिंगी, आतून तार गुंफलेली सुरक्षा होज द्यायचा माझा विचार आहे. दोनशेच्या आसपासचा मामला. रिबीन बांधली की तीही शोभून दिसेल. पाच वर्षांनी ती बदलायची असते, तेव्हा त्या दिवशी माझी आठवण निघेलच. मधली पाच वर्षं निघाली नाही, तर आहेर उत्तम होता असं समजायचं.