दर्शनी बाजू

आमचं घर प्लास्टिकचं आहे, हे मी मंडळात कधी कुणाला बोललो नाही. बाकीच्यांची घरंही प्लास्टिकचीच असल्यामुळे तेही बोलत नाहीत. बाल्टिमोरच्या उपनगरांतली मराठी माणसं किचनच्या ग्रॅनाइटवर तासभर बोलतील, गॅरेजच्या दारावर बोलतील. पण बाहेरच्या भिंतीचा विषय निघाला की कुणीतरी घाईघाईने मसालेभात वाढायला घेतं.

व्हिनाइल साईडिंग म्हणजे पीव्हीसी. मिरजेला ज्याचा पाईप मोरीतून गटारात सोडतात, तेच. इथे त्याच्या लांब पट्ट्या करून घराला बाहेरून लावतात. वर लाकडाच्या रेषा उमटवलेल्या असतात, लांबून लाकूड वाटावं म्हणून. लांबून म्हणजे बरंच लांबून. गेल्या हिवाळ्यात वाऱ्याने आमच्या काही पट्ट्या सोडवून शेजाऱ्याच्या अंगणात नेल्या. त्याने त्या अदबीने परत आणून दिल्या. "तुमची भिंत," म्हणाला. हसला असता तर इतकं लागलं नसतं.

मग कंत्राटदार आला. जन्मात हातोडी न धरलेल्या माणसाला कंत्राटदारासमोर आपल्यालाही चार गोष्टी कळतात हे दाखवायची फार हौस असते. मी म्हणालो, "या वेळी खिळे घट्ट ठोका." तो थांबला. व्हिनाइलला खिळा घट्ट ठोकायचाच नसतो. बारा फुटांची पट्टी उन्हाळ्या-हिवाळ्यात अर्धा इंच लांब-आखूड होते, म्हणून तिची भोकं लांबट असतात आणि ती खिळ्यांवर सैल टांगायची असते. आवळली की फुगते, वाकते. म्हणजे तीस वर्षांचं कर्ज ज्या भिंतीवर काढलंय ती नुसती टांगलेली आहे! शिवाय समोरच्याने नव्या दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या, तर त्यांच्यावरून परतलेल्या उन्हाने ही पट्टी वितळूही शकते. शेजाऱ्याची सुधारणा बघून खरोखर जळणारी भिंत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

बाबा पहिल्यांदा इथे आले तेव्हा दारातून आत शिरण्याआधी त्यांनी बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केली. "पोकळ आहे रे." मी इन्सुलेशन, लाकडी सांगाडा, पाऊस अडवून वाफ बाहेर सोडणारं वेष्टन, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा टकटक केली.

पण बाल्टिमोरमध्ये राहून फॉर्मस्टोनबद्दल न बोलणं मला जमत नाही. बायको म्हणते, तुला बोलायला दुसरं काही नाही. नाहीच. जुन्या शहरात विटांच्या घरांच्या एकमेकींना चिकटलेल्या रांगा, पुढे पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या. बायका त्या घासघासून लख्ख ठेवायच्या. वीट मात्र मऊ, पाणी पिणारी, तिला सारखा रंग द्यावा लागे. 1937 साली आल्बर्ट नाइट नावाच्या गृहस्थाने त्यावर तोड काढली आणि पेटंट घेतलं. विटेवर लोखंडी जाळी ठोकायची, तिच्यावर सिमेंटचे थर, वरच्या थराला रंग, त्यात दगडांचे सांधे कोरायचे, मेणकागद ठेवून रूळ फिरवायचा की दगडाचा खडबडीतपणा येतो, आणि चमकायला वर अभ्रक. विक्रेते दारोदार फिरले: आता रंग नको, डागडुजी नको! बघता बघता गल्ल्याच्या गल्ल्या दगडी झाल्या. राहणारे कारखान्यातले कामगार, पण पुढून प्रत्येकाचा किल्ला. बाल्टिमोरचाच सिनेमावाला जॉन वॉटर्स फॉर्मस्टोनला विटेचं पॉलिस्टर म्हणाला. ज्यांच्या घरी लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये टेरिलीनचे शर्ट आहेत, त्यांना जास्त सांगायला नको.

पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या साईडिंगवाल्यांचे दिवस आले. त्यांच्यावर बॅरी लेव्हिन्सनने 1987 साली 'टिन मेन' काढला. त्यातले विक्रेते 'लाइफ' मासिकाचे फोटोग्राफर असल्याची बतावणी करून एका घरासमोर कॅमेरा लावतात. मासिकात 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो छापायचेत, तुमचं घर 'आधी'साठी अगदी उत्तम आहे! सगळ्या देशासमोर आपलं घर 'आधी' म्हणून जाणार, हे कुठल्या घरधनिणीला सोसेल? मला तरी सोसलं नसतं, मी लगेच सही केली असती. आणि आता त्याच जुन्या गल्ल्यांत नवी पिढी पैसे मोजून फॉर्मस्टोन उतरवते आणि आतली वीट मिरवते. पुण्याहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी त्या गल्ल्यांतून हिंडवतो आणि माणसाच्या दिखाऊपणावर हसून घेतो.

कंत्राटदाराने पिशवीतून नमुना काढला तोही दगडच. सिमेंट, हलकी खडी, रंगासाठी लोहाचं ऑक्साइड, साच्यातून काढलेला. "म्हणजे फॉर्मस्टोनच की," मी म्हणालो. "त्यापेक्षा पुष्कळ चांगला," तो म्हणाला. मी तुकडा हातात घेतला, भिंतीला लावून पाहिला, चार पावलं मागे गेलो. मंडळातल्या कुणाकडेही दगड नव्हता.

मिरजेच्या आमच्या घराला बाहेरून प्लास्टर नव्हतं. आतून गिलावा, बाहेरून उघड्या विटा आणि सांध्यांतून ओघळून वाळलेला माल. पावसाळ्यात पश्चिमेची भिंत ओल धरायची, मग आई कपाट पुढे ओढून ठेवायची. दर दिवाळीला बाबा म्हणायचे, "बाहेरचं पुढच्या वर्षी करून घेऊ." पुढच्या वर्षी माझ्या इंजिनिअरिंगची फी उभी राहायची. मी मात्र हॉस्टेलवर सांगून टाकलं होतं की आमचं घर लॉरी बेकरच्या पद्धतीचं आहे. केरळात बेकरने उघड्या विटेला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा महाराष्ट्रात माझ्याइतका फायदा क्वचितच कुणाला झाला असेल. सुट्टीत आर्किटेक्चरचा एक मित्र मुद्दाम घर बघायला आला आणि त्याने थेट बाबांनाच विचारलं. बाबा म्हणाले, "बेकर कोण? आमचा गवंडी कुपवाडचा."

मित्र गेल्यावर ते मला काहीच बोलले नाहीत. फी भरायची शेवटची तारीख तेवढी विचारली.

इकडे चारी बाजूंचा अंदाजखर्च आला तेव्हा बायकोने तो कागद फ्रिजवर, लेकीच्या कॉलेजच्या पत्राशेजारी लावला. काही बोलली नाही. इथे पुढून वीट आणि बाकी तीन बाजूंनी व्हिनाइल, अशी घरं हवी तेवढी आहेत, त्यामुळे मला रूढीचा आधार होता. रंगांना मान्यता देणाऱ्या समितीनेही हरकत घेतली नाही. दगड फक्त पुढे लागला. बाकी बाजूंना उडालेल्या पट्ट्या तेवढ्या नव्या घातल्या. जुन्यांचा रंग उन्हाने इतका उतरलाय की नव्या कुठल्या ते रस्त्यावरूनही कळतं.

बाबांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"छान. आणि बाजूनी?"

"पुढच्या वर्षी करून घेऊ."

"बरं. फी कधी भरायची आहे तिची?"

ऑगस्टमध्ये. गणपतीला येणाऱ्या मंडळींना विनंती, की गाडी पुढेच लावावी आणि पुढच्याच दाराने यावं.