गाइड मिळवण्याचं गाइड

आपल्याकडे 'गाइड' या शब्दाचे दोन अर्थ. एक, परीक्षेच्या आदल्या रात्री उघडायचं, तयार उत्तरांचं जाडजूड पुस्तक. दुसरा, पीएच.डी.ला लागतो तो माणूस. त्याच्याकडे तयार उत्तरं नसतात आणि त्याची सही मिळायला कित्येक रात्री जातात. प्रस्तुत पुस्तिका पहिल्या प्रकारची असून दुसरा प्रकार कसा मिळवावा, हे ती शिकवते.

कुणाला? अमेरिकेतल्या विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणावर संशोधन करू पाहणाऱ्या, स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या नवख्या अभ्यासकाला. मराठी वाचकानं मागच्या बाकावर बसून ऐकायला हरकत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तेव्हा या वर्गाच्या हजेरीपटावर आपलं नाव जुनंच आहे.

धडा १ : पूर्वतयारी

आधी कोळशाच्या खाणीत काम करा. कार्टर वुडसन यांनी केलं. आईवडील गुलामीतून सुटलेले, पोरगा वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणीत, हायस्कुलात पाऊल पडलं ते विसाव्या वर्षी. १९१२ मध्ये ते हार्वर्डचे डॉक्टर झाले. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय, पहिले डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस, १८९५ साली. दोघांमध्ये सतरा वर्षांचं अंतर. वाट किती वर्दळीची होती, ते यावरून समजावं.

दुसरं, घाई करू नका. ॲना ज्युलिया कूपर जन्मल्या गुलामीत, १८५८ साली. शाळेत शिकवलं, मुख्याध्यापक झाल्या, पुस्तक लिहिलं, भावाची पाच नातवंडं वाढवली आणि १९२५ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पॅरिसच्या सोर्बोनमधून डॉक्टरेट घेतली. 'वेळेचं नियोजन' या विषयावर तुम्हाला कार्यशाळेला पाठवलं, तर तिथे हे उदाहरण सांगावं. कार्यशाळा लवकर संपते.

धडा २ : गाइडची निवड

गाइड तुमच्या मतांचा असावा, असा आग्रह धरू नये. मॅमी क्लार्क यांनी धरला नाही. कृष्णवर्णीय लहान मुलं स्वतःला कशी ओळखतात, यावर त्यांनी हॉवर्ड विद्यापीठात एम.ए.चा प्रबंध लिहिला होता. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांचे गाइड होते हेन्री गॅरेट. काळ्यागोऱ्यांच्या शाळा वेगळ्याच असाव्यात, या मताचे. १९४३ मध्ये बाईंना डॉक्टरेट मिळाली. १९५२ मध्ये व्हर्जिनियातल्या शाळांच्या खटल्यात गॅरेटसाहेब वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिले, आणि ती खोडून काढायला उभी राहिली त्यांची विद्यार्थिनी. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकालाच्या तळटिपेत मॅमीबाईंचे पती केनेथ क्लार्क यांच्या संशोधनाचा हवाला आहे. गाइडचं ऋण फेडण्याचे प्रकार अनेक आहेत.

महत्त्वाचे : एकाच गाइडवर विसंबू नका. प्रबंध वाचणारा एक, पडेल लेखाला 'हा पडेल आहे' असं सांगणारा दुसरा, घरभाडं आणि शिष्यवृत्तीचं गणित जमवून देणारा तिसरा. यांच्यापेक्षा दुर्मीळ असतो चौथा. सल्ला कुणीही देतो. हा चौथा तुम्ही हजर नसलेल्या खोलीत तुमचं नाव घेतो. नोकरी त्या खोलीत ठरते.

धडा ३ : विषयाची निवड

तुम्ही विषय मांडताच कुणीतरी हसून विचारेल, हा रिसर्च की 'मी-सर्च'? हा विनोद इंग्रजीतला आहे, पण योगायोगाने मराठीतही जसाच्या तसा लागू पडतो. गोऱ्या प्राध्यापकानं गोऱ्या मुलांवर लिहिलं तर त्या पुस्तकाचं नाव 'बालमानसशास्त्र'. तुम्ही आपल्या गल्लीतल्या मुलांवर लिहिलं तर तो 'वैयक्तिक अनुभव'.

दुसरा धोका, तुम्हाला प्रश्न आयता दिला जाईल : ही मुलं मागे का पडतात? तो घेऊ नका. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी तो उलटा केला : ही मुलं ज्यांच्या वर्गात पुढे जातात, त्या शिक्षिका करतात तरी काय? आईवडिलांनी आणि मुख्याध्यापकांनी, दोघांनीही नावाजलेल्या आठ शिक्षिका त्यांनी निवडल्या आणि त्यांच्या वर्गात जाऊन बसल्या. १९९४ मध्ये त्यातून 'द ड्रीमकीपर्स' आलं. पुढे २००६ मध्ये अमेरिकन शैक्षणिक संशोधन संघटनेच्या अध्यक्षपदावरून त्या म्हणाल्या, गुणांमधल्या 'दरी'बद्दल बोलणं पुरे, 'कर्जा'बद्दल बोला. दरी म्हटलं की सगळे मुलाकडे बघतात. कर्ज म्हटलं की वही उघडावी लागते : इतिहासाची बाकी, पैशाची बाकी, मताधिकाराची आणि राजकारणाची बाकी, नीतीची बाकी. किराणा दुकानात उधारी थकली तर दुकानदार वही काढतो. इथे ज्याचं येणं आहे त्यालाच विचारतात, तुझा हिशेब कच्चा कसा?

धडा ४ : प्रकाशन

लेख नामांकित नियतकालिकात छापावा. नामांकित नियतकालिकानं 'विषय आमच्या वाचकांसाठी फार मर्यादित आहे' असं कळवल्यास पुढील कृती करावी : स्वतःचं नियतकालिक काढावं. वुडसन यांनी १९१६ मध्ये काढलं, इतिहासाचं. चार्ल्स थॉम्पसन यांनी १९३२ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात काढलं, शिक्षणाचं : 'जर्नल ऑफ निग्रो एज्युकेशन'. १९६३ पर्यंत, एकतीस वर्षं, तेच संपादक. एवढ्या काळात माणसाचे स्वतःचे किती लेख झाले असते, हा हिशेब मांडू नये. दुसऱ्यांचे किती झाले, तो मांडावा. गाइड नसलेल्या माणसानं पुढच्यासाठी गाइड होण्याची ही सर्वांत खर्चिक पद्धत आहे, पण टिकते.

वारंवार होणारी चूक : नोकरीच्या मुलाखतीत या नियतकालिकांची नावं घेणं. समिती विचारते, 'पण मुख्य प्रवाहात काही आलंय का?' उत्तर देताना नदीच्या उपमा टाळाव्यात.

धडा ५ : कायम होणे

साहाय्यक प्राध्यापक झालात, अभिनंदन. आता सुमारे सहा वर्षं. मग तुमची फाइल बनते : संशोधन, अध्यापन, सेवा. ती दुसऱ्या विद्यापीठांतल्या ज्येष्ठांकडे मत मागायला जाते. म्हणून परिषदांना जावं, आपल्या विषयाच्या गटात बसावं, चहाच्या रांगेत ओळख करून घ्यावी. तुमचं नाव ज्यानं कधी ऐकलं नाही, त्याचं पत्र दोन ओळींचं येतं.

यातलं 'सेवा' हे कलम नीट समजून घ्या. अमेरिकेत पूर्णवेळ प्राध्यापकांत कृष्णवर्णीय शंभरात सहा-सात. त्यामुळे प्रत्येक समितीला तुम्ही हवे असता, माहितीपत्रकावरच्या फोटोला तर हवेच हवे. शिवाय कॅम्पसवरची प्रत्येक एकटी पडलेली कृष्णवर्णीय मुलगी तुमचाच दरवाजा शोधत येते, तुमच्या विभागाची असो वा रसायनशास्त्राची. अमादो पादिया यांनी १९९४ मध्ये याला नाव दिलं 'सांस्कृतिक कर'. बाकीच्या करांची निदान पावती मिळते.

अनुभवी मंडळी सांगतात, 'नाही' म्हणायला शिका. सल्ला उत्तम आहे. तो देणारी मंडळी स्वतः नवख्या असताना कुणीतरी त्यांना 'हो' म्हटलं होतं, एवढंच.

स्वाध्याय

प्र. १. चूक की बरोबर ते लिहा.
समितीवर तुमचं नाव आहे, म्हणजे समिती तुमचं ऐकते.

प्र. २. कारणे द्या.
डॉक्टरेट हातात असून मॅमी क्लार्क यांना साजेशी नोकरी मिळेना. म्हणून १९४६ मध्ये त्यांनी पतीसह हार्लेममध्ये मुलांसाठी नॉर्थसाइड केंद्र उघडलं.

प्र. ३. थोडक्यात उत्तर लिहा.
शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. सोमवारी तुमची फाइल द्यायची आहे आणि शेवटचा लेख अर्धा आहे. दारात एक मुलगी उभी. हातात प्रबंधाचा आराखडा, चुरगळलेला. गाइड तिला म्हणाले, विषय फार वैयक्तिक आहे. ती विचारते, 'पाच मिनिटं आहेत का?' पाच मिनिटांत हे आटपत नाही, हे तुम्हा दोघींनाही माहीत आहे.
तुम्ही काय कराल?

(गुण : ०. हा प्रश्न सोडवणे सक्तीचे आहे.)