डिकीतली डॉल्बी

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ती. बाबा आणि ती. सौ. आई,

बाबा, ही बातमी फोनवर सांगायची तुमच्या चिरंजीवांची छाती होईना, म्हणून हे काम नेहमीप्रमाणे सुनेकडे आलं. ज्या गृहस्थांनी मिरवणुकीतल्या डॉल्बीविरुद्ध पत्रं लिहून लिहून सांगलीतल्या संपादकांना जेरीस आणलं, त्यांच्या पोटच्या पोराच्या गाडीत डॉल्बी बसली आहे. डिकीत. तुमचा नातू या कटात सामील आहे. आधी घोटभर पाणी प्या, मग पुढचं वाचा.

"डॉल्बी नव्हे, सबवूफर म्हणावं," असं आत्ताच स्वयंपाकघरातून ओरडून कळवण्यात आलं आहे. कळवलं.

गाडी तीच, तुम्ही फोटोत पाहिलेली. घेताना वरच्या दर्जाची ध्वनियंत्रणा हवी म्हणून चिरंजीवांनी महागातलं मॉडेल घेतलं. दारादारात स्पीकर, पुढच्या काचेखाली स्पीकर, मागे कोपऱ्यात खालचे सूर काढणारा एक चिमुकला सबवूफरही. सुरुवातीचे दिवस कौतुकात गेले. मग एकदा घाटात (इथेही घाट आहेत, फक्त वडापाव नाही) यांनी आवाज वाढवला आणि चेहरा पाडून म्हणाले, "तबलजी एकाच हातानं वाजवतोय." खरंच, चाटीवरचा 'ना' खणखणीत आणि डग्गा बेपत्ता.

हा बिघाड नसतो, कारखान्यानं मुद्दाम करून ठेवलेली सोय असते. खालचे सूर काढायचे तर स्पीकरच्या पडद्याला बरंच पुढेमागे हलावं लागतं. हलक्या स्पीकरला मोठ्या आवाजात ते झेपत नाही. म्हणून बटण जसजसं वर न्यावं तसतसा आतला अॅम्प्लिफायर खालचे सूर गुपचूप कापत जातो. स्पीकर फाटत नाहीत, वॉरंटीत परत येत नाहीत, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपलेच कान गेले. हे कळल्यावर तुमच्या मुलाला झालेलं दुःख मी घराचे हप्ते वाढले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

बाबा, रागावण्यापूर्वी एक विचारते. आपल्या मारुती ८०० च्या मागच्या काचेखालच्या फळीवर सहा बाय नऊ इंची अंडाकृती स्पीकर कुणी बसवले होते? आईंनी मला सगळं सांगितलंय. त्या दिवाळीत फ्रिज यायचा होता आणि आले ते स्पीकर. तेव्हा रक्तात काय आहे ते मी बोलत नाही.

तुमच्या वेळी मात्र काम सरळ होतं. जुना टेप ओढून काढायचा, नवा ढकलायचा. त्या खाचेचं माप बहुतेक गाड्यांत एकच, १८० बाय ५० मिलिमीटर. आता टेपच्या जागी भलामोठा पडदा आहे आणि एसी, नकाशा, मागचा कॅमेरा सगळं त्याच्याच पोटात. त्याला हात लावायची सोय नाही. मग आहे ते तसंच ठेवून मागच्या दारानं शिरायचं. कंपनीच्या अॅम्प्लिफायरकडून मूळच्या सबवूफरकडे जाणाऱ्या तारा हुडकायच्या, त्यांना फाटा जोडायचा, तो दणकट प्रवाह लाइन आउटपुट कन्व्हर्टर नावाच्या डबीतून बारीक करायचा आणि नव्या सबवूफरच्या अॅम्प्लिफायरला पाजायचा. पण मुळातच कापलेले सूर फाट्यालाही कापलेलेच मिळणार! म्हणून त्यातल्या त्यात शहाणी डबी घ्यावी लागते. ती कापलेला भाग अंदाजानं भरून देते. म्हणजे कापायचे पैसे कंपनीला द्यायचे आणि शिवायचे दुसऱ्याला.

सामान आलं. अॅम्प्लिफायरच्या खोक्यावर १२०० वॉट असं ठळक छापलेलं, आणि खाली मुंगीच्या अक्षरांत ३०० वॉट आरएमएस. पहिला क्षणभराच्या उसळीचा, दुसरा सतत देता येईल असा. सभेच्या गर्दीचा आयोजकांचा आकडा आणि पोलिसांचा आकडा, तसंच हे. घ्यायचं ते पोलिसांच्या आकड्यावर भरवसा ठेवून.

पुढचा शनिवार-रविवार घरातल्या पुरुषमंडळींची डोकी डिकीत आणि पाय बाहेर अशा अवस्थेत गेला. एवढ्या वॉटना पंचवीस-तीस अँपिअर लागतात, म्हणून बॅटरीपासून डिकीपर्यंत करंगळीएवढी जाड तार. तीही अस्सल तांब्याची. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, पण तेवढ्याच जाडीत ती कमी वीज नेते. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज, कारण तार कुठे घासून पत्र्याला टेकलीच तर जळायचा तो फ्यूज जळावा, गाडी नको. इथवर मी शांत होते. मग अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग खरवडायला हवा असं निघालं. कोऱ्या गाडीचा! सँडपेपर घेऊन बापलेक वाकले, तशी मी घरात निघून गेले. खर्च किती झाला ते विचारू नका, मलाही अजून सांगितलेला नाही.

रविवारी संध्याकाळी उद्घाटन. नारळ फोडला (हो, खरंच फोडला), गाडी सुरू केली, गाणं लावलं, आणि गाडीनं गाण्याआधीच 'घूंऽऽऽ' असा सूर धरला. गाणं बंद केलं तरी घूं थांबेना. नातू म्हणाला तार चुकली, चिरंजीव म्हणाले डबी चुकली, धाकटी नात म्हणाली गाडीचं पोट दुखतंय. शेवटी सॅन होजेच्या एका दुकानात नेली. मालक साठीचे, मेक्सिकन वंशाचे, गाडीत पाय ठेवताच हसले आणि बोट वर केलं. छताला बारीक मायक्रोफोन असतात म्हणे. इंजिनाची घरघर ऐकायची आणि स्पीकरमधून तिच्या बरोबर उलटी लहर सोडायची. दोघी एकमेकींना खातात आणि आत शांतता नांदते. त्या मायक्रोफोनच्या कानावर नव्या पाहुण्याचा आवाज पडला. त्याला वाटलं, इंजिनच घरघरतंय. त्यानं उलटी लहर सोडली. ती आपल्या फाट्यातून परत सबवूफरलाच मिळाली, तो आणखी घुमला, मायक्रोफोन आणखी घाबरला. गाडी स्वतःशीच भांडत बसली होती. मालककाकांनी एक पिन उपसली, भांडण मिटलं. मग सबवूफरच्या दोन तारांची नुसती अदलाबदल केली आणि डग्गा दुप्पट वाजायला लागला. आधी दारातले स्पीकर हवा पुढे ढकलत होते तेव्हाच डिकीतला मागे ओढत होता, त्यामुळे बेरजेची वजाबाकी होत होती.

हे काका जुने लोरायडरवाले. गाड्या जमिनीला टेकतील इतक्या खाली करायच्या, आरशासारख्या रंगवायच्या आणि संध्याकाळी स्टोरी आणि किंग रस्त्यांच्या चौकात गाणी लावून रमतगमत फिरवायच्या, हा त्यांच्या तरुणपणाचा थाट. या मंडळींचं 'लोरायडर' मासिक १९७७ मध्ये सॅन होजेतच निघालं. पुढे शहरानं असं फिरण्यावर बंदी घातली, ती २०२२ मध्ये उठवली; २०२४ पासून तर राज्यातल्या कुठल्याच गावाला अशी बंदी घालता येत नाही. बाबा, तुम्ही तेव्हा इथे असता तर बंदीच्या बाजूनं पहिलं पत्र तुमचं असतं आणि काकांनी आमच्या गाडीला हात लावला नसता.

चिरंजीवांनी तुमच्यासाठी खास दोन गोष्टी लिहायला सांगितल्या आहेत, राग निवळावा म्हणून. गाडीच्या आतल्या जागेनुसार जुळवलेली ध्वनियंत्रणा कारखान्यातूनच बसवून देण्याची प्रथा रुजली ती १९८३ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांपासून, आणि ती यंत्रणा अमर बोस यांची. त्यांचे वडील इंग्रजांच्या तुरुंगाला तोंड देऊन कलकत्त्याहून अमेरिकेत आलेले क्रांतिकारक. (आपल्या गाडीतली यंत्रणा बोस यांची नव्हे, तेव्हा डग्ग्याचं पाप त्यांच्या माथी नको.) दुसरं, ज्या रे डॉल्बींच्या नावानं सांगलीत खिडक्यांच्या काचा थरथरतात, त्यांची कंपनी इथून तासाभरावर सॅन फ्रान्सिस्कोत आहे. त्या भल्या माणसानं नाव कमावलं ते टेपमधली खरखर कमी करून.

आता आवाजाबद्दल. काय सांगू, पहिल्या दिवशी गाडीतलं सगळं वाजलं. नंबरप्लेट वाजली, चष्म्याची डबी वाजली, मागच्या दाराचा पत्रा वाजला. मी मुठीनं ठोकत ठोकत एकेक जागा शोधली आणि नातवानं तिथे काळे चिकट रबरी पट्टे लावले. डॅशबोर्डवरचा तुम्ही दिलेला गणपती तर लिव्हरमोरच्या देवळात जाताना सुनोलच्या चढावर हळूहळू सरकत सरकत कडेला आला. अनंत चतुर्दशीला अवकाश होता, म्हणून त्याला मेणावर बसवला.

पट्टे लागल्यावर मात्र ऐकलं आणि खोटं का बोला, गंमत वाटली. चांगला सबवूफर वेगळा ऐकू येतच नाही. तो डिकीत आहे असं वाटत नाही, समोर तबलजी दोन्ही हातांनी बसलाय एवढंच कळतं. नातवाला हे पटत नाही. छातीत धडधडलं नाही तर पैसे फुकट, असं त्याचं मत. आणि चिरंजीवांची फजिती वेगळीच. सगळं जुळल्यावर मोठ्या भक्तिभावानं त्यांनी बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवरचं पद लावलं, आणि सबवूफर ढिम्म. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात एवढे खालचे सूर उतरलेच नव्हते, तो बिचारा वाजवणार काय? मी खिडकीबाहेर बघून हसले.

कायद्याचंही पाहिलं आहे, काळजी नको. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं कलम २७००७ सांगतं की रस्त्यावरच्या गाडीतलं गाणं बाहेर पन्नास फुटांवर ऐकू येता कामा नये. नातवानं मोजपट्टीनं पन्नास फूट मोजले आणि तिथे मला उन्हात उभं केलं. गाण्याचे शब्द येत नव्हते, ठोका येत होता. शेजारच्या फिलिपिनो आजींनी तर सांगितलं की त्यांच्या काचेच्या कपाटातले कप आपसात बोलतात. खालचे सूर असेच चिवट. बारीक आवाज भिंत अडवते, हे आरपार जातात. चाळीस हर्ट्झच्या एका लहरीची लांबीच साडेआठ मीटर, म्हणजे आपल्या सोप्यापेक्षा मोठी. ती दाराला काय जुमानणार?

आणि बाबा, इथे तुमच्या कामाचं काहीतरी हाती लागलं. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतले निवासी भागाचे दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हे 'ए' पद्धतीनं मोजलेले असतात. त्या पद्धतीत ५० हर्ट्झचा ठोका तब्बल ३० डेसिबलनं कमी धरतात. म्हणजे भिंती हादरत असतात आणि यंत्रावरचा आकडा सोवळ्यात! मापकात 'सी' पद्धतही असते, तिथे त्याच ठोक्याला जेमतेम सव्वा डेसिबलची सूट आहे. येत्या मिरवणुकीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी टिपा आणि पत्रात छापून आणा. मोबाइलचा माइक खालच्या सुरांना कच्चा असतो, तेव्हा खरं यंत्र कुणाकडून तरी मागून घ्या. तुमचं भांडण ठोक्याशी कधीच नव्हतं, मला माहीत आहे. विचारल्याशिवाय घरात घुसणाऱ्या ठोक्याशी आहे.

आमच्याकडे त्याचा बंदोबस्त झाला आहे. सॅन होजेच्या काकांनी सबवूफरला तारेवरचं एक वेगळं बटण दिलं आणि ते कुठे लावू असं विचारलं. मी माझ्या सीटपाशी लावून घेतलं. आमच्या गल्लीत वळताना ते शून्यावर येतं. तक्रार करायची असेल त्यानं सुनेकडे करावी.

आता मुख्य काम. मे महिन्यात तुम्ही दोघं याल तेव्हा याच गाडीनं विमानतळावर येणार आहोत, आणि सबवूफरच्या खोक्यानं डिकीची निम्मी जागा खाल्ली आहे. विमान कंपनी चार बॅगा आणू देते, आमची डिकी फक्त दोन. तेव्हा आई, भडंग कितीही आवडत असलं तरी ते जागा फार खातं, या खेपेला लसणीची चटणी आणि मेतकूट एवढंच भरा. बॅगांची लांबी-रुंदी-उंची इंचांत मोजून या आठवड्यात कळवा.

तुमची,
थोरली सून