पेन विका, नोकरी घ्या

भाच्याला सेल्समधल्या पहिल्या मुलाखतीचा कॉल आला आणि आमच्या घराचं दुकान झालं. 2013 साली 'द वूल्फ ऑफ वॉल स्ट्रीट' आल्यापासून मुलाखत घेणारा प्रत्येक जण 'हे पेन मला विकून दाखव' म्हणतो, अशी त्याची पक्की माहिती. त्यामुळे आठवडाभर तो पाच रुपयांचं बॉलपेन घेऊन आरशाला गिऱ्हाईक समजत होता. आरसा काही घेईना. (त्या चित्रपटाचा नायक शेवटी तुरुंगात जातो, हे मात्र कोणी तयारीत धरत नाही.)

टाय माझा, बूट त्याच्या बाबांचे, आत्मविश्वास यूट्यूबचा. 'तुमच्यातला दोष सांगा' याचं उत्तर तोंडपाठ : 'मी फारच परफेक्शनिस्ट आहे.' हे म्हणताना कॉलरला लाँड्रीची चिठ्ठी तशीच टाचलेली.

मी म्हटलं, "अरे, एक दिवस तुळशीबागेत उभा राहा. तिथली बाई आधी हातात बांगडी चढवते, भाव मग सांगते."

"मामा, तिचं एमबीए झालंय का?"

मुलाखत सात मिनिटं चालली. पेनचा विषयच निघाला नाही. साहेबांनी दोनच गोष्टी विचारल्या : स्वतःची दुचाकी आहे का, आणि लायसन्स आहे का. पगारात फिक्स किती आणि इन्सेंटिव्ह किती, हे विचारायचं आमचे भाचेराव विसरले.

सोमवारपासून रुजू. पेट्रोल स्वतःचं.