शिरस्तेदारांची ठकू

मांजराने आज काय खाल्ले, किती खाल्ले आणि जे खाल्ले नाही ते कोणत्या कारणास्तव नामंजूर केले, याचा साद्यंत तपशील भर जिन्यात वाट अडवून ऐकवणारे गृहस्थ आपल्याही परिचयाचे असतीलच. आमच्या गिरगावातल्या चाळीत हा मान तात्यासाहेबांकडे जातो. हयातभर मामलेदार कचेरीत शिरस्तेदारी केल्यामुळे पेन्शन सुरू झाली तरी दप्तर काही सुटले नाही, आणि ठकू नावाच्या, वयाने वृद्ध, वर्णाने करड्या व स्वभावाने संस्थानिक अशा मांजरीच्या आहाराची रोजकीर्द ते जाड पुठ्ठ्याच्या वहीत नित्यनेमाने लिहीत असतात. रकाने चार: वेळ, जिन्नस, वजन आणि शेरा. पैकी पहिले तीन कोणताही कारकून भरील. तात्यासाहेबांची प्रतिभा फुलते ती शेऱ्यात. 'मांदेली, नग चार. हुंगली. शेरा: विचाराधीन.' 'दूधभात. शेरा: अर्ज फेटाळला.' 'सकाळपासून काही नाही. तथापि वरच्या मजल्यावरून जिभल्या चाटीत उतरताना आढळली. शेरा: चौकशी व्हावी.'

ही चौकशी खरोखरच झाली. बांगड्याचे एक डोके कोणी दिले, याविषयी बिऱ्हाडोबिऱ्हाडी जबान्या घेण्यात आल्या, आणि वरच्या मजल्यावरील मालवणकर वहिनींनी, ठकू त्यांच्याच मांडीवर झोपलेली असताना, "छे हो, आमच्याकडे ती फिरकतसुद्धा नाही!" असे सांगितले, तेव्हा वहीत नोंद पडली: 'साक्षीदार फितूर.'

मौजेचा भाग असा की, स्वतः तात्यासाहेब चातुर्मासात कांदालसूणही वर्ज्य करणारे. परंतु मांजर ही जात मांसाशिवाय जगूच शकत नाही, हे एकदा पटल्यावर ते कापडी पिशवी काखोटीस मारून मासळीबाजारात जाऊ लागले. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रबंदी असते, त्यामुळे ऐन पावसाळ्यात ताज्या मासळीचे भाव कडाडतात, आणि सुके बोंबील खारट म्हणून डॉक्टरांनी मना केलेले; अशा पेचप्रसंगी कोळीण त्यांना पाहताच हाक घालते, "तात्या, मुशी घ्या, काटा नाय!" आणि आजूबाजूच्या ओळखीच्या मंडळींकडे पाठ करून तात्यासाहेब मुशी घेतात. ती शिजते गॅलरीतल्या वेगळ्या स्टोव्हवर. शिळ्या गारठलेल्या तुकड्याला वास येत नाही, आणि वासावाचून मांजराची भूक जागी होत नाही. म्हणून वाटी गरम पाण्यात धरून, तुकडा आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूस टेकवून, तो ताज्या उंदराइतका कोमट झाल्याची खात्री पटल्यावरच ती वाटी सादर होते. एवढ्या सोपस्कारानंतरही ठकू वाटीभोवती पंजाने फरशी उकरते. शेरा: 'दफनाची आज्ञा.'

एका दसऱ्याला त्यांनी तिच्यापुढे बासुंदी ठेवली. मांजराच्या जिभेला गोडी कळतच नाही, ती जाणवून देणारे जनुकच या कुळात निकामी झालेले आहे, हे शास्त्रज्ञ 2005 साली सांगून चुकले. वहीत मात्र नोंद आहे: 'बासुंदी, एक चमचा. शेरा: निरिच्छ वृत्ती.'

दर महिन्याच्या एक तारखेस ठकूला पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्याला लटकवतात. पिशवीतून केवळ दोन संतप्त कान बाहेर असतात, आणि रद्दीवाला एकदा सवयीने भावही सांगून गेला.

आता एक गोष्ट सांगणे जरा जिवावर येते. गेल्या वर्षी ठकूचा आहार एकाएकी वाढला. मुशी, मांदेली, मालवणकर वहिनींचे चोरटे अनुदान, सारे फस्त करून ती मध्यरात्री पुन्हा ओरडू लागली. "खातेय ना? मग चांगली आहे," असा चाळीचा एकमुखी अभिप्राय पडला. तात्यासाहेब तेवढे वही घेऊन परळला, लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात तेथे गेले. तरुण डॉक्टरीणबाईंनी आहाराचा चढता आणि वजनाचा उतरता रकाना शेजारी-शेजारी पाहिला व तत्काळ रक्त तपासावयास सांगितले. थायरॉइड ग्रंथी बेफाम झाली होती. उतारवयातल्या मांजरांत हा विकार पुष्कळदा आढळतो आणि मांजर खात खात वाळते. दिवसातून दोन वेळा गोळी सुरू झाली. त्या दिवशीचा शेरा: 'भूक हा प्रकृतीचा पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये.'

"इतक्या वर्षांच्या संसारात मी काय जेवले हे कधी विचारलं नाही, आणि त्या मेलीच्या काट्यांचीसुद्धा मोजदाद!" ही काकूंची तक्रार आम्ही सर्वांनी अनेकवार ऐकलेली, आणि सर्वांनी मनोमन मंजूर केलेली. परवा ठकूचे सुधारलेले वजन दाखवण्यासाठी तात्यासाहेबांनी वही माझ्यापुढे उघडली, तेव्हा पानाच्या कडेस बारीक अक्षरांत एक पाचवा रकाना आखलेला दिसला. मथळा: 'सौ.' खाली नोंद: 'दोन पोळ्यांऐवजी एक. भात परत. विचारले असता भूक नाही म्हणते. शेरा: ग्राह्य धरू नये.' मी वर पाहिले, तो त्यांनी घाईघाईने पान उलटले आणि मुशीचा भाव सांगावयास आरंभ केला.

काकूंच्या अंगात रक्त कमी निघाले. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. "मला मांजरीच्या पंगतीला बसवलंत," असे त्या येताजाता ऐकवतात, आणि समोर वही उघडी असल्यामुळे दुसरी पोळी निमूटपणे संपवतात.

वाचकांपैकी कोणाच्या घरी मांजर असेल आणि ते अन्नाला तोंड लावीत नसेल, तर रुसले असेल म्हणून स्वस्थ बसू नये. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही त्याच्या यकृतात, विशेषतः ते लठ्ठ असल्यास, चरबी साचून जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टर गाठावा. तात्यासाहेबांचा सल्लाही अवश्य घ्यावा, मात्र त्यासाठी रविवारची अख्खी दुपार मोकळी ठेवावी.