चान्सकाका

न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत जिथे जिथे मराठी माणसं सार्वजनिक गणपती बसवतात, तिथे आरती आटोपून जेवणाची रांग लागली की एक गृहस्थ हमखास दिसतात. भोवती चार-पाच आईबाप, आणि त्यांच्यामागे कागदी प्लेट सावरत उभं असलेलं, केव्हा एकदा सटकतोय अशा चेहऱ्याचं बारावीतलं एक पोर. या गृहस्थांना आपण चान्सकाका म्हणू. पोटापाण्याचा व्यवसाय निराळा, बहुधा सॉफ्टवेअरचा. हे काम निव्वळ परोपकार. कुठल्याही मुलाचा हार्वर्ड, स्टॅनफर्ड किंवा प्रिन्स्टनला लागण्याचा चान्स काका वडापाव संपायच्या आत सांगतात, आणि तोही टक्क्यांत. प्रश्नांचा क्रम ठरलेला. हायस्कूल कुठलं? एसएटी किती? पंधराशे साठ? बरा आहे. मेजर काय टाकणार? ‘कॉम्प्युटर सायन्स’ ऐकलं की ते दातांच्या फटीतून हवा आत ओढतात. हाच आवाज डॉक्टरने काढला असता तर घरच्यांनी मृत्युपत्र करायला घेतलं असतं. मग खरा सवाल येतो : “हुक काय आहे?” रोबोटिक्स? ते सगळेच करतात. कथक? तेही. साताऱ्याजवळच्या एका शाळेला जुने लॅपटॉप पाठवणारी संस्था काढलीय? इथे मात्र काकांचा चेहरा उजळतो. “रजिस्टर केलीय ना?” आणि निकाल येतो : बावीस टक्के. वीस नाही, पंचवीस नाही. गोल आकड्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, हे काकांना पक्कं ठाऊक असतं.

काकांच्या आकडेमोडीत खोट नाही. ती ज्या मुलखात वापरली जाते, त्या मुलखातच ती चालत नाही. काका स्वतः मेरिट लिस्टमधून वर आलेले. बारावीचे पीसीएमचे गुण, नाहीतर जेईईची रँक. कॉलेजच्या भिंतीवर चिकटवलेली यादी, अर्ध्या गुणाने हुकलेली सीट आणि त्या अर्ध्या गुणाचा आजतागायत न विझलेला राग. त्या जगात चान्स खरोखरच काढता येत असे. गेल्या वर्षी शेवटची सीट कितीवर बंद झाली ते बघायचं, आपले गुण शेजारी ठेवायचे, झालं. अमेरिकेतल्या निवडक खासगी विद्यापीठांनी तो कट-ऑफ ठेवलेलाच नाही, आणि हा काही नजरचुकीचा प्रकार नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डची दारंही मुख्यतः प्रवेश-परीक्षेवरच उघडत. त्या परीक्षेत ज्यू मुलं भराभर पास होऊ लागली. १९२२ च्या सुमारास त्यांचं प्रमाण एकपंचमांशाच्या वर गेलं, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांना चिंता पडली. उघड कोटा प्राध्यापकांनी नाकारला. मग अर्जात वडिलांचं जन्मस्थान, आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मानंतर घराण्याचं नाव बदललं आहे का, असे प्रश्न आले. १९२६ पासून गुणांइतकंच वजन ‘चारित्र्या’ला मिळू लागलं. जेरोम कॅराबेल यांनी २००५ साली ‘द चोझन’ या जाडजूड ग्रंथात हा सगळा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला आहे. थोडक्यात, नको ती माणसं कट-ऑफ ओलांडू लागली म्हणून कट-ऑफच काढून टाकला गेला. ज्या व्यवस्थेने आपला हिशेब कोणाला लागू नये अशी तजवीज शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवली, तिचा हिशेब काका दर गणपतीत जाहीर करतात. या धाडसाला दाद द्यायला हवी.

“पण काकांचं बहुतेक वेळा खरं ठरतं,” असं त्यांचे भक्त म्हणतील. ठरणारच. २०२४ साली हार्वर्डकडे ५४ हजार अर्ज आले आणि प्रवेश मिळाले १,९०० च्या थोडे वर, म्हणजे शंभरात साडेतीनच्या आसपास. समोर येईल त्याला “अवघड आहे” एवढंच सांगणारा माणूस शंभरातल्या शहाण्णव वेळा बरोबर येईल, आणि त्यासाठी त्याला पोराचं नावसुद्धा विचारावं लागणार नाही. बावीस टक्क्यांची तर आणखी गंमत. पोर लागलं, तर त्या बावीसात आलं. नाही लागलं, तर अठ्ठ्याहत्तरात गेलं. एका मुलापुरता सांगितलेला टक्का खोटा ठरवण्याची सोयच नाही. पुढच्या वर्षी तेच पोर पुन्हा बारावीत बसून शंभर वेळा अर्ज करणार असतं तर काकांचा ताळा करता आला असता.

एका बाबतीत मात्र काकांचं म्हणणं पुराव्यावर टिकतं, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. “अर्ली टाका,” हा त्यांचा लाडका सल्ला. १ नोव्हेंबरच्या आसपास अर्ज, डिसेंबरच्या मध्यावर निकाल. त्यातला अर्ली डिसिजन म्हणजे बांधील करार : त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या, आणि निवड झाली की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. (भारतातल्या नातेवाइकांना फोनवर “आम्ही ईडी लावतोय” असं मात्र सांगू नये, तिकडे लगेच वकील शोधायला लागतात.) एव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या तिघा अभ्यासकांनी २००३ साली असा हिशेब मांडला, की लवकर अर्ज करण्याचा फायदा एसएटीचे सुमारे शंभर गुण वाढल्याइतका असतो. कारण उघड आहे. बोलावलेलं पोर नक्की येणार, ही खात्री कॉलेजला हवी असते; पेनसिल्व्हेनियासारखं विद्यापीठ जवळपास निम्मी तुकडी याच वाटेने भरतं. खर्च वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या घरात गेलेला असताना “कुठे किती मदत मिळते ते बघून ठरवू” म्हणणाऱ्या घराला ही वाट परवडत नाही, हे काका सांगत नाहीत. त्यांच्याभोवतीच्या घोळक्यात अशी घरं सहसा नसतात.

पण इथवर बरोबर आलेले काका पुढच्याच पावलाला घसरतात. २०२३ च्या अर्ली फेरीत हार्वर्डने ७,९२१ अर्जांतून ६९२ जण घेतले, म्हणजे पावणेनऊ टक्के. नंतरच्या फेरीत तेच प्रमाण तीनच्याही खाली जातं. यावरून काका सांगतात, “बघा, चान्स तिप्पट.” अर्लीच्या त्या गर्दीत कोण असतं? प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं तिथे भरपूर. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात बाहेर आलेल्या आकड्यांवरून अर्थतज्ज्ञ पीटर आर्सिडियाकोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की निवड झालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्के एकतर भरती केलेले खेळाडू होते, नाहीतर माजी विद्यार्थ्यांची किंवा प्राध्यापकांची मुलं, नाहीतर डीनच्या खास यादीतले. त्या सगळ्यांना वजा केल्यावर उरलेल्या लॅपटॉपवाल्या पोराच्या वाट्याला तो ‘तिप्पट’ कितपत येतो, हे काकांच्या मोबाइलमधल्या एक्सेल शीटला माहीत नाही. त्या शीटमध्ये ‘वडील कुठे शिकले’ असा रकानाच नाही. आणि असता तरी त्यात भरलेल्या सांगलीच्या वालचंद कॉलेजचं हार्वर्डला सोयरसुतक नाही.

शिवाय तुकडी भरणाऱ्याची नजर वेगळी असते. मंडळाच्या एकांकिकेचा दिग्दर्शक बारा उत्तम नट निवडत नाही. त्याला एक हवालदार, एक भांडखोर शेजारीण आणि यंदा नेमकी एक आजी हवी असते. ज्या वर्षी ओबो वाजवणारी शेवटची मुलगी पदवी घेऊन बाहेर पडते, त्या वर्षी ओबोवादकाचा भाव वधारतो, आणि ती बातमी एडिसनपर्यंत पोचत नाही.

काकांचं खरं कसब निकालानंतर दिसतं. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत रद्द केली, तेव्हा “आता आपल्या मुलांचे दिवस आले,” असं काकांनी जाहीर केलं. पुढच्या वर्षी आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांचं प्रमाण एमआयटीत ४० टक्क्यांवरून ४७ वर गेलं. हार्वर्डमध्ये ते होतं तिथेच, ३७ वर राहिलं. येलमध्ये ३० वरून २४ वर घसरलं. निवाडा एक, दिशा तीन. दुसरा एखादा गप्प बसला असता. काकांपाशी तिन्हींचं स्पष्टीकरण तयार होतं, आणि तिन्ही ऐकताना पटतात. घराघरांत हेच छोट्या प्रमाणावर चालतं. पोर लागलं की “मी म्हटलं नव्हतं, निबंध जोरदार आहे?” डिफर झालं, म्हणजे निर्णय पुढच्या फेरीवर ढकलला, की “मेजर बदला म्हणून सांगितलं होतं.” नाकारलं गेलं की “त्याच शाळेतल्या दुसऱ्या मुलीने जागा खाल्ली.” या शेवटच्या वाक्यापायी दोन घरांमधलं हळदीकुंकू बंद पडल्याची उदाहरणं प्रत्येक मंडळात आहेत.

काकांच्या बाजूने एक युक्तिवाद वजनदार आहे. सरकारी शाळेतल्या काउन्सेलरमागे अडीचशे विद्यार्थी असावेत अशी शिफारस आहे आणि प्रत्यक्षात सरासरी त्याहून बरीच जास्त, खासगी सल्लागार हजारो डॉलर घेतात, आणि विद्यापीठ म्हणतं, “आम्ही संपूर्ण व्यक्ती बघतो.” मग माणसाने जायचं कुणाकडे? हे खरं आहे. संस्था नियम सांगत नाही तिथे नियम सांगणारा उगवतोच, आणि फुकट, मराठीत, वड्याबरोबर सांगणारा असला तर तो गोडही लागतो. आईबापांनाही आकडा पटलेला असतो असं नाही. त्यांना रात्री झोप लागण्यापुरतं काहीतरी हवं असतं. एवढ्यावर भागलं असतं, तर काकांवर कोणी आक्षेप घेतला नसता.

पण चान्समागून उपाय येतो. बावीसाचे तीस कसे करायचे, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर नववीतल्या पोराच्या दिनक्रमात उतरतं. कॉमन अॅप या सामाईक प्रवेश-अर्जावर उपक्रमांसाठी दहा ओळी असतात. प्रत्येक वर्णनाला दीडशे अक्षरं, त्यात मोकळ्या जागाही मोजल्या जातात. काकांच्या हिशेबात बालपण म्हणजे या दहा ओळी भरण्याची मुदत. तबला आवडत असला तरी सोडा, फेन्सिंग धरा. आजीकडे जायची सुट्टी ‘समर प्रोग्रॅम’ला द्या. पोराला पक्षी बघायला आवडत असतील तर नुसते बघू नका, पक्ष्यांवर संस्था काढा. टक्का खरा की खोटा हे कधीच कळत नाही. गेलेली सुट्टी मात्र गेलेलीच असते.

काकांना हे सगळं ठाऊक नाही असंही नाही. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांचा २००२ चा अभ्यास त्यांनी वाचलेला असतो : ज्या मुलांना मोठ्या कॉलेजांत प्रवेश मिळाला असूनही जी कमी नामांकित ठिकाणी गेली, त्यांची पुढची कमाई बहुतेकांच्या बाबतीत तिथे गेलेल्यांसारखीच निघाली. त्याची लिंक काका डिसेंबरच्या मध्यावर, डिफर झालेल्या पोरांच्या आईबापांना, हात जोडलेल्या इमोजीसह न चुकता पाठवतात. ऑगस्टमध्ये ती कोणालाही पाठवलेली नसते. आणि जानेवारीत संक्रांतीच्या कार्यक्रमात, तिळगूळ घ्यायला वाकलेल्या नववीतल्या मुलीला ते मायेने विचारतात, “काय गं, समर प्रोग्रॅमची शेवटची तारीख कधी आहे, बघितलीस का?”