मुदत फक्त जखमीला

नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावाला बारा वर्षांचं फारसं कौतुक नाही. गुरू सिंह राशीत आला की तापी-गोमाईच्या काठी गौतमेश्वराची सिंहस्थ यात्रा भरते, आणि ती उलगडली की पुढच्या यात्रेची वाट पाहायची गावाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. त्यामुळे मोटार अपघातात जखमी झालेल्या माणसाला भरपाई मिळायला किती वर्षं लागतात, असं कुणी विचारलं तर या गावानं दचकायचं कारण नाही. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग इथूनच जातो. गुजरातचे ट्रक, मध्य प्रदेशचे ट्रक, मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मजुरांनी खच्चून भरलेल्या पिकअप, सगळं एकाच पट्ट्यावरून धावतं. दक्षिण काशी म्हणवणाऱ्या या गावात मोक्ष मिळतो ही श्रद्धा जुनीच. रस्त्यानं आता त्यासाठी नदीपर्यंत जायची गरज ठेवलेली नाही. पंचाईत होते ती मोक्ष हुकून नुसता पाय मोडला तर.

कागदावर मात्र या पाय मोडलेल्या माणसासारखा भाग्यवान कुणी नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताची पहिली खबर ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायची, ५० दिवसांत अंतरिम अहवाल द्यायचा, ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा आणि विमा कंपनीनं पुढच्या ३० दिवसांत आपला देकार मांडायचा. म्हणजे चार महिन्यांत प्लास्टर आणि प्रकरण दोन्ही निघायला हवं. सर्वोच्च न्यायालयाला १५ डिसेंबर २०२२ रोजी हेच वेळापत्रक पाळा म्हणून देशभर बजावावं लागलं, यावरून ते किती पाळलं जात होतं याचा अंदाज येतो. हरियाणातल्या एका मुलीचं प्रकरण पाहा. ऑक्टोबर २००७ मध्ये बारा वर्षांची असताना ट्रॅक्टरच्या धडकेत तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. न्यायाधिकरणानं सुमारे ११ लाख दिले, उच्च न्यायालयानं २५ लाखांच्या वर नेले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६२ लाख २७ हजार. जवळपास एक सिंहस्थ.

या दिरंगाईला व्यवस्थेतला बिघाड म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. बिघाड म्हटलं की तो सगळ्यांनाच सारखा छळतो असं वाटतं, आणि गफलत होते ती इथंच. वरचे आकडे पुन्हा बघा. पहिल्या पायरीवर थकून जे कुटुंब गप्प बसलं असतं, त्याच्या हाती हक्काच्या रकमेचा पाचवा हिस्सासुद्धा पडला नसता. ज्याला वाट पाहणं परवडतं त्याला वाट पाहण्याचे पैसे मिळतात, आणि वाट पाहणं परवडतं ते ज्याचा पाय शाबूत आहे त्याला. हा बिघाड नाही, ही सूट आहे, आणि ती देणेकऱ्याला मिळते. त्यात हिशोबाची पद्धत अशी की, नुकसान मोजायचं ते अपघाताच्या दिवशीच्या वयावरून आणि उत्पन्नावरून. वर्षाच्या नुकसानाला ज्या आकड्यानं गुणायचं तो, सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये ठरवलेला गुणक २६ ते ३० वर्षांच्या माणसाला १७ आणि ३६ ते ४० च्या माणसाला १५. जखमी माणूस तारखा करता करता चाळिशीला टेकला तरी फायलीत तो अठ्ठावीसचाच, आणि त्याची मजुरीही तेव्हाचीच. चिरतारुण्याचं एवढं स्वस्त औषध आयुर्वेदालाही सापडलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडून येतो, आणि तो खराही आहे. हाड जुळायच्या आत अपंगत्वाची टक्केवारी कशी सांगणार? घाईनं तडजोड केली आणि पाय पुढे आखूड राहिला तर नुकसान जखमीचंच. मान्य. पण मांडीचं हाड जुळायला चार-सहा महिने लागतात, फार तर वर्ष धरा. उरलेली वर्षं हाडाच्या नावावर कशी लिहायची? ती जातात दुसऱ्या कामात. नंदुरबार जिल्ह्यातला गंभीर जखमी उपचाराला सुरतेला नेला, तर दाखल्यावर सही करणारा डॉक्टर सुरतेचा, आणि दाखला शाबीत करायला त्यानं साक्षीला यायचं नंदुरबारला. तो आला तर कंपनीचे वकील हजर नाहीत, वकील आले तर न्यायाधीश रजेवर. डॉक्टर साक्षीला यायला नाखूश असतात हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच लिहून ठेवलं आणि विरोधी पक्षाचा आक्षेप नसेल तर दाखला संमतीनं वाचावा असंही सुचवलं. आता आक्षेप घ्यायला पैसे पडत नाहीत, म्हणून आक्षेप असतोच. दरम्यान पुरावाही आपल्या परीनं म्हातारा होतो. मेडिकलच्या पावत्या थर्मल कागदावर छापलेल्या असतात. वेळेवर झेरॉक्स काढून ठेवली नसेल तर उलटतपासणीच्या दिवशी पिशवीतून कोऱ्या पांढऱ्या पट्ट्या निघतात.

दुसरं म्हणणं, व्याज मिळतं ना! मिळतं, अर्जाच्या तारखेपासून, साधारण सहा ते नऊ टक्के, सरळ व्याजानं. पण दवाखान्याचं बिल सरळ व्याजाची वाट बघत थांबत नाही. त्यासाठी शेकडा तीन रुपये महिन्यानं पैसा उचलला असेल तर तो वर्षाला ३६ टक्क्यांनी वाढतो, आणि या दोन दरांमधली तफावत जखमीच्या शेतातून, बैलातून किंवा बायकोच्या पोतीतून वसूल होते. मग लोकअदालत सुचवली जाते. लोकअदालत चांगलीच, पण तिथं बसणाऱ्या दोघांपैकी एकाला आजच पैसे हवे असतात आणि दुसऱ्याला कधीच द्यायचे नसतात, तेव्हा तडजोड कुठल्या बाजूला कलते हे सांगायला पंच लागत नाही. खोट्या दाव्यांचा मुद्दाही निघतो. खोटे दावे असतात; उत्तर प्रदेशात त्यांच्या चौकशीला विशेष पथक नेमावं लागलं. मात्र खोटेपणा पकडला जातो तो पंचनामा ताजा असताना. ४८ तासांच्या खबरीला लबाड माणूस घाबरतो. वर्षानुवर्षांच्या तारखांना तो का घाबरावा? त्याचा पाय कुठे मोडलाय?

सरकारला या सगळ्याची कल्पना नाही असं नाही. त्यानं घाई केलीच, फक्त जखमीला केली. दाव्याची मुदत संसदेनं १९९४ मध्ये काढून टाकली होती; ती २०१९ च्या दुरुस्तीनं परत आणली आणि २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचं बंधन आलं. सहा महिने, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत कुबडी सुटायच्या आत. उशीर माफ करायची तरतूद त्यात नाही. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं आहे आणि निव्वळ मुदतीपायी अर्ज फेटाळू नका असं न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये तूर्त सांगितलंय, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. त्याच दुरुस्तीनं २०२२ पासून सरकारवरही एक काम टाकलं होतं : जखमींवर विनारोख उपचारांची योजना. ती न्यायालयानं तारीख नेमून दिल्यावर, मे २०२५ मध्ये जाहीर झाली. जखमीला सहा महिने, सरकारला तीन वर्षं.

विमा कंपनीची मुदत सर्वांत सोयीची. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात, आपल्या बाबतीत औरंगाबाद खंडपीठात, जायला ९० दिवस, आणि सबळ कारण दाखवलं तर त्यानंतरही चालतं. अपील दाखल करताना भरायचे २५ हजार किंवा निकालाच्या निम्मे, त्यातली जी रक्कम कमी असेल ती. साठ लाखांच्या निकालालाही २५ हजारच. हा आकडा १९८८ च्या कायद्यात आहे. २०१९ मध्ये दंडाच्या रकमा कितीतरी पटींनी वाढवताना त्याला कुणी हात लावला नाही.